कोयत्याला काढलेलं टोक

दुष्काळात सगळा गाव पाणी जपत होता. मी एकटाच जीव जपायला गेलो आणि आरोपी झालो.

शिरूर कासारकडच्या एका खेड्यात मी दूध सोसायटीचा सचिव होतो. त्या साली सोसायटीत दूधच येईना. निम्मा गाव ऊसतोडीला गेलेला, मागं राहिलेल्या जनावरांच्या बरगड्या वर आलेल्या. 'सचिव रिकामाच बसलाय' म्हणून लोकांनी टँकरचं पाणी वाटायचं काम माझ्या गळ्यात घातलं. (रिकाम्या माणसानं दारात बसूच नये!)

एक दिवस नेमका चुलतभाऊ बाबुरावच्या पाळीला टँकर संपला. बैलासाठी आणलेली बादली माझ्यापुढं आपटून तो गरजला, "तुला बगूनच घेतो बे!"

माझं धाबंच दणाणलं. घरातला ऊसतोडीचा जुना कोयता घेतला आणि लोहाराकडं गेलो. मूठ आखूड केली, दोन्ही अंगांनी धार लावली, वर टोक काढून घेतलं. ते पातं सदऱ्याखाली कमरेला खोचून मी छाती काढून हिंडू लागलो. चौथ्या दिवशी सोसायटीपुढं मोटरसायकलला किक मारली, ऐटीत बसलो आणि टोक थेट मांडीत!

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले आणि पोलिसांना कळवलं. हवालदार आले.

"कुणी मारलं?"

"कुणी न्हाई साहेब. दगडावर पडलो."

"दगडाला एवढी धार?"

मी कण्हायचं सोंग केलं. पण माझी बायको सुमन कशाची गप्प बसतीय! डोळे पुसत म्हणाली, "साहेब, ह्यांची काईच चूक न्हाई! भांडणाच्या भीतीनं मुद्दाम टोक काढून घेतलंय. रोज कमरेला असतंय, पन लई जपून वापरतेत!" एवढ्यावर न थांबता तिनं पिशवीतून ते पातं काढून, पदरानं पुसून, हवालदारांच्या हातात दिलं!

त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "वैनी, कोयता होता तसा असता तर शेतीचं अवजार म्हणलं असतं. ह्यांनी त्याचं हत्यार केलं. आता गुन्हा दाखल होणार."

"पन आपल्या बचावासाठी केलं हो!"

"सगळे बचावासाठीच करतेत. कोर्टात सांगा."

जामीन राहायला माणूस मिळेना. जवळचे पाहुणे सगळे उसाच्या फडावर. शेवटी आला तो बाबुराव! सही करून बाहेर आल्यावर म्हणाला, "आरं, रागात बोललो. बैल तान्हेला होता. तेवढ्यावर हत्यार करून घेतलंस व्हय?"

"बैल कसा हाय?"

"गेला."

त्यानं गाडी चालू केली. "बस. एका अंगानं बस, टाके उसवतील."

सोसायटीनं मला काढून टाकलं. (दूध नसलेल्या सोसायटीला मीच तेवढा नासका सापडलो!) तारखा मात्र सुरू राहिल्या. प्रत्येक तारखेला बाबुरावच मला घेऊन जायचा. एकदा न्यायाधीशांनी विचारलं, "हत्यार स्वसंरक्षणासाठी होतं म्हणता. धोका कोणापासून होता?"

मी मागं वळून पाहिलं. बाबुराव माझ्या भाकरीचं फडकं मांडीवर सांभाळत बाकावर बसला होता. मी मान खाली घातली.

"साहेब, खरं बघायला गेलं तर... माझ्यापासूनच!"