भुजिंगाचा धूर

चहा घ्या, तोवर माझी फजिती ऐका. हसलात तरी चालेल, आता मीही हसतो.

कॉलेजातली एक मुलगी दर बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे आगाशीला यायची. कशाला? माझी लघवी न्यायला. खरंच सांगतो! माणसाने धूर श्वासात घेतला की त्याची खूण म्हणे लघवीत उतरते. सातिवलीच्या कारखान्यांजवळची माणसं आणि आम्ही वाडीतली माणसं, कोणाच्या पोटात किती धूर जातो ते ती ताडून बघत होती. आमची हवा चांगली, म्हणून मला निवडलं.

बायको गेल्यापासून माझ्या दारात फक्त डबेवाला येतो, तोही डबा ओट्यावर ठेवून जातो. ही पोर मात्र बसायची. खोकला आहे का, बिडी ओढता का, घरात चूल पेटते का, सगळं विचारायची. इतकी चौकशी माझी कोण करतं? मी उत्तरं सावकाश द्यायचो. तेवढीच ती जास्त बसेल.

आता अशा पाहुणीला तोंड गोड, निदान तिखट, केल्याशिवाय पाठवायचं? आणि तेही भुजिंगाच्या आगाशीत? बुधवारी दुपारीच मी केळीखाली सिगडीत निखारे फुलवायचो, कोंबडी भाजायचो, पोहे-मसाला घालून भुजिंग करायचो. तिला पुडा बांधून द्यायचो, उरलेलं मला.

एकदा ती आली ती तोंड पाडूनच. सातिवलीच्या कामगारांपेक्षा माझ्यात धूर जास्त निघाला होता. आपल्याच स्कूटरचा धूर नको, म्हणून बिचारी ती लांब नाक्यावर लावू लागली. मला वाटलं, शेजारचा बस्त्याव पाला जाळतो, त्याचंच हे काम. जाऊन भांडलो. वाटेत हाक मारणारा तो एकटा, त्यानेही बोलणं सोडलं.

शेवटी तिच्या सरांनी धूर मोजायचं यंत्र घेऊन स्वतः यायचं ठरवलं. एवढे मोठे पाहुणे! मी दोन कोंबड्या आणल्या.

दुपारीच ते पोरीला घेऊन मागच्या वाटेने आत शिरले आणि यंत्र किंचाळायला लागलं. मी डोळे पुसत निखाऱ्यांना वारा घालत होतो.

"काका, हा धूर कसला?"

"धूर कुठला, सर? भुजिंग आहे."

आता तुम्हीच सांगा, चुलीचा तो धूर, कारखान्याचा तो धूर. भुजिंगाच्या वासाला आगाशीत कोणी धूर म्हणतं का?

पोरीने कपाळाला हात लावला. "काका, दर बुधवारी?"

"तू यायचीस ना, बाय."

सरांनी दोनदा मागून खाल्लं आणि यादीतून माझं नाव कापलं. बस्त्यावकडे मी पुडा घेऊन माफी मागायला गेलो. त्याने पुडा घेतला, दार लावलं.

आता सिगडी माळ्यावर आहे, मी रोज डबा खातो. आजच्या घडीला माझ्याइतकी शुद्ध लघवी अख्ख्या वसई-विरारात कोणाची नसेल.

न्यायला मात्र कोणी येत नाही.