नजरेच्या कडेची चांदणी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी तव्यावर भाकरी टाकली होती. पलीकडून आधी मेंढरांची घंटी ऐकू आली, मग वहिनीचा आवाज. "बाई, मेंढरं घरी आली, हे न्हाई आले." राणीसावरगावच्या शिवारात माणसं बॅटऱ्या घेऊन फिरली. दादा कठडा नसलेल्या विहिरीत सापडला. दिवस मावळताना, मागं राहिलेलं कोकरू आणायला तो एकटाच वळला होता... कोकरू काठावरच उभं होतं.

चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी दादासोबत मेंढरांमागं जाऊ लागले. तिन्हीसांजा झाल्यावर माळावरून परतताना तो मला एक बारीक चांदणी दाखवायचा. मी टक लावून बघितलं की ती नाहीशी व्हायची. "सरळ नगं बघू, बाई. जरा बाजूला बघ, मग येती ती." आणि खरंच यायची. मला वाटायचं, तीही माझ्यासारखीच लाजाळू आहे.

लग्न होऊन मी पाथरीकडं आले. दोन-चार वर्षांनी माहेरी गेले, तर दादा अंधार पडला की धडपडत होता. कधी खुंट्याला ठेच, कधी ताटाजवळचा तांब्या लवंडलेला. वहिनी म्हणायची, "दिवसा घारीवानी बघतेत, अन् दिवस मावळला की आंधळी कोशिंबीर." तोही हसायचा. पुढच्या मेंढीच्या गळ्यात त्यानं घंटी बांधली आणि तिच्या आवाजामागं चालू लागला.

गंगाखेडला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं मी त्याच्याबरोबर गेले. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्यात उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. मधोमध असतात त्या दिवसाच्या, रंग ओळखणाऱ्या. कडेकडेनं असतात त्या अंधुक उजेडाच्या. उजेड पडला की त्या मेंदूला निरोप धाडतात. दादाच्या कडेच्या पेशी मरत चालल्या होत्या. मला चांदणी आठवली... ती बाजूनंच का दिसायची, ते तेव्हा कळलं.

मग बाईंनी विचारलं, "आईवडील नात्यातले का?"

"मामाचीच पोरगी केली होती बापानं," दादा म्हणाला आणि माझ्याकडं बघत राहिला. मलाही मामाच्याच घरी दिलेलं. माझी सोनी तेव्हा माझा पदर धरून उभी होती.

"हे रक्तातून येऊ शकतं," बाई म्हणाल्या. "येईलच असं नाही."

तेवढं शेवटचं मी धरून बसले. जीपमध्ये दादा हळूच म्हणाला, "पोरीला सांजच्याला बघत जा. चांदणी इचार."

दादाचं दिवस-पाणी झाल्यावर वहिनीनं ती घंटी मला दिली. मी ती दाराच्या चौकटीला, सोनीच्या डोक्याला लागेल अशी टांगली आहे. घरातली माणसं कुरकुरतात. संध्याकाळी मी लाईटचं बटण लगेच दाबत नाही, सोनीला अंगणात नेते.

"दिसायलीय का गं?"

"दिसायलीय की, माय. सरळ बघितलं की जातीय, बाजूला बघितलं की येतीय. रोज तेच काय इचारायलीस?"

ती वैतागून अंधाऱ्या घरात शिरते. मी अंगणात कान देऊन थांबते. घंटी वाजत नाही, ती मान वाकवून आत गेलेली असते. माझा जीव भांड्यात पडतो... मग आठवतं, ही चांदणी मला दादानंच दाखवली होती, आणि तेव्हा तो सोनीएवढाच होता.