पप्पा थेट तिथंच भेटतील

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणी मला अंगारा लावायला येणार नाही. आम्ही बौद्ध. छप्पन सालानंतर आमच्या आज्यानं घरातले सगळे देव गोणीत भरून गोदावरीत सोडले, आणि जाताना देवांनी भुतांनाही बरोबर नेलं. आमच्या गल्लीत कुणी 'बाहेरचं झालंय' म्हणालं की माझी माय त्याला सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवते. मी उमरीत मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो. मेलेले फोन उठवणं हा धंदा... मेलेल्या माणसांचा माझा अभ्यास नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर वाचले ते, खरं सांगतो, हसायला. आज माझाच लिहितोय.

आम्ही तिघं भाऊ. थोरला अशोकदादा शेती बघतो. मधला मिलिंद लातूरला डाळमिलवर सुपरवायझर. आणि धाकटा मी. वय एकोणचाळीस, तरी घरात अजून 'बाळ्या'च. मला महत्त्वाचं काम कुणी सांगत नाही. एकदा आत्याला नांदेडच्या गाडीत बसवायला पाठवलं, तर मी तिला निजामाबादच्या गाडीत बसवून, खिडकीतून टाटा करून, वर एक चहा पिऊन घरी आलो होतो. थापा मारण्यात मात्र माझा हात कुणी धरत नाही. 'उद्या नक्की देतो' हे मी गिऱ्हाइकाला ज्या चेहऱ्यानं सांगतो, त्यावर चार-चार महिने लोक विश्वास ठेवतात.

मिलिंदची पोरगी प्रज्ञा, नऊ वर्षांची, उन्हाळ्याच्या सुट्टीला आमच्याकडं आली होती. नांदेडच्या नव्या मॉलमध्ये त्या रविवारी मोठा कार्यक्रम होता — आधी स्टेजवर ऑर्केस्ट्रा, मग जेवण, मग वरच्या मजल्यावर सुपरहिरोचा नवा पिक्चर. मिलिंदनं तिला शब्द दिला होता, पहाटे लातूरहून मोटरसायकलवर निघतो, नऊला उमरीत येतो, मग आपण दोघं जाऊ. प्रज्ञाची आई, म्हणजे वहिनी, नर्स आहेत, त्यांची त्या दिवशी ड्युटी होती. पोरगी सहा वाजल्यापासून दोन वेण्या घालून ओट्यावर बसलेली.

सातला दादाचा फोन वाजला. अहमदपूरच्या अलीकडं टँकरनं उडवलं होतं. जागीच.

आमच्याकडं अशी बातमी सरळ सांगत नाहीत. 'सिरियस हाय' म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं. दादा भाड्याची जीप आणि तिचा ड्रायव्हर घेऊन अहमदपूरला पळाला, वहिनी लातूरहून परस्पर निघाल्या. मी चप्पल घालून उभा राहिलो तर माय म्हणाली, तू न्हाई, तू पोरीला घेऊन जा. बायका यायला लागल्या होत्या, थोड्या वेळात रडारड सुरू झाली असती. मायच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं माझा दंड धरला तो मात्र चार दिवस निळा होता.

"तिला पोटभर खाऊ घाल. जेवल्याबिगर सांगायचं न्हाई. आन् चारच्या आत घेऊन ये, पाचला उचलायचं हाय."

हा आमच्याकडचा नेम. मरणाच्या घरात चूल पेटत नाही, आणि एकदा कळल्यावर माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून ज्याचं गेलंय त्याला आधी जेवू घालतात, मग सांगतात. आमचा आजा गेला तेव्हा मी दोन वाट्या शिरा खाल्ला होता, का देतायत हे न कळता.

प्रज्ञानं विचारलं, पप्पा कुठंत? मी क्षणभरही न थांबता बोललो. "पप्पांना उशीर झालाय. ते उमरीला येत न्हाईत, नांदेड वाटंतच हाय की. थेट तिथंच भेटतील."

आयुष्यात एवढी सफाईदार थाप मी मारली नव्हती.

थाप मारली की ती निभवावी लागते. तिकिटं तीन काढली. मॉलच्या दारात पोरं-मोठ्यांना पुठ्ठ्याचे मुखवटे वाटत होते, तेही तीन घेतले. ऑर्केस्ट्रावाल्यानं 'कुणाला नाचायचंय?' विचारलं. प्रज्ञा सारखी दाराकडं बघत होती, म्हणून तिला हसवायला मी स्टेजवर चढलो. सख्खा भाऊ पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर, आणि मी कमरेत वाकून लई नाचलो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो तीन वाजेपर्यंत उमरीत पोचला होता. आजही माझ्या दुकानात येऊन काही लोक माझ्याकडं विचित्र बघतात, ते त्यामुळं. त्यांचं काही चुकत नाही.

पोरगी हसली. पण जेवेना.

फूड कोर्टात मी डोसा मागवला, पिझ्झा मागवला, लाल रंगाचं कसलं तरी चायनीज मागवलं. टेबल लग्नाच्या पंगतीसारखं भरलं. ती म्हणाली, पप्पा आल्यावर. मी म्हणालो, एक घास. पप्पा आल्यावर. मी घास तोंडापाशी नेला, तिनं तोंड फिरवलं. मग माझ्या लक्षात आलं, मी काय करून ठेवलंय... ती पप्पा आल्याशिवाय जेवणार नव्हती, आणि ती जेवल्याशिवाय मला सांगता येत नव्हतं की पप्पा येणार नाहीत. असा लॉक मी कुठल्याच फोनवर बघितला नव्हता.

साडेबाराचा शो लागला. वाटलं, आत पॉपकॉर्न तरी खाईल. एसटीत टाकतात तसा तिनं शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला, पप्पांची जागा धरायला. पडद्यावर अंगाला चिकटलेले कपडे घातलेला हिरो इमारती उचलत होता. पॉपकॉर्नला तिनं हातही लावला नाही.

इंटरव्हलला मी संडासात गेलो आणि नळ सोडून रडलो. तेवढ्यात दादाचा फोन. म्हणाला, आत्ता अहमदपूर सोडलं, चार-सव्वाचारला पोचतो, डोक्याला लई लागलंय, तोंड झाकलंय, पोरीला दाखवायचं न्हाई. मग विचारलं, सांगितलंस का? मी म्हणालो, जेवली न्हाई आजून. जीपचा आवाज येत राहिला, मग फोन कट झाला.

परत आलो तर पिक्चर सुरू झालेला, अंधार. प्रज्ञा बोटं चाटत होती. रुमाल तिच्या मांडीवर होता.

"काय खाल्लीस गं?"

"दशम्या."

मी मोबाईलचा टॉर्च लावला. तिच्या बोटांना तांबूस बारीक कण आणि तेल लागलं होतं. वास घेतला — जवसाची चटणी. ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तो वास सांगायला नको, आणि ती त्या मॉलमध्ये कुठल्याही मजल्यावर मिळत नाही.

"कुणी दिल्या?"

"पप्पांनी. तू मुतायला गेलतास तवा आलते. भरवलं मला."

मी टॉर्च शेजारच्या खुर्चीवर मारला, रिकामी. विचारलं, मग कुठंत?

"गेले. म्हणले, पोट भरलं का? मी म्हणलं, हाव. मग म्हणले, आता काका तुला एक गोष्ट सांगल. तुझं पोट भरल्याबिगर त्याला सांगता येत न्हाई." तिनं माझ्याकडं तोंड केलं. "सांग की."

पडद्यावर अख्खी बस हवेत लटकली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते इथं लिहीत नाही. ती रडली नाही. पडद्याकडं बघतच म्हणाली, "म्हणून हेल्मेट काढलं न्हाई व्हय?"

उठताना मी मागच्या रांगेतल्या बाईंना विचारलं. धर्माबादच्या होत्या, दोन लेकरांना घेऊन आलेल्या. म्हटलं, ताई, इथं कुणी बसलं होतं का आत्ता? त्या म्हणाल्या, हाव, बसले होते की एक जण. तोंड दिसलं नाही, त्यांना वाटलं मुखवटाच हाय.

उमरीला आम्ही पावणेचारला पोचलो. वाटेत मोटरसायकलवर ती माझ्या पाठीला डोकं लावून बसली होती. अर्ध्या तासानं जीप आली. भन्तेंनी वंदना घेतली, प्रज्ञानं पायांवर फुलं वाहिली. तोंड दाखवा असं ती एकदाही म्हणाली नाही. बायकांनी उगाच कौतुक केलं, पोर शहाणी आहे म्हणून.

मातीहून आल्यावर दादानं मिलिंदची बॅग उघडली. आत स्टीलचा डबा. वहिनी म्हणाल्या, चार वाजता उठून केल्या होत्या चार दशम्या, प्रज्ञीला आवडतात म्हणून, आणि जवसाची चटणी. मिलिंद प्रवासात काही खात नाही, हे सगळ्या घराला माहीत. दादानं झाकण काढलं आणि तसाच बसून राहिला. त्यानं सकाळी दवाखान्यात, पोलिसांसमोर, तो डबा उघडून बघितला होता. चार होत्या. नंतर बॅग जीपमध्ये त्याच्या पायाशीच होती. आता दोन होत्या.

मी तोवर घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ड्रायव्हरनं खाल्ल्या असतील. ड्रायव्हरला विचारलं, तर तो बिचारा लेकरांची शपथ घ्यायला लागला — मढ्याच्या गाडीत कोण खाईल, भाऊ? तो खोटं बोलत असावा, अशी मी आजही आशा धरून आहे. नंतर मॉलमध्येही जाऊन आलो. हॉलच्या आत कॅमेरा नसतो म्हणे. आणि डबा जीपमध्ये असताना चटणी नांदेडला तिच्या बोटांवर कशी आली, याचं उत्तर ड्रायव्हरनं दशम्या खाल्ल्या असं धरलं तरी मिळत नाही. लेकराला भास झाला म्हणावं, तर त्या धर्माबादच्या बाईंचं काय? दोन वर्षं झाली. माझ्याकडं उत्तर नाही. कुणाकडं असेल तर कृपया सांगा... माझ्यासाठी नाही, वहिनींसाठी.

कारण पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याच्या दिवशी, पाहुणे जेवून गेल्यावर, वहिनींनी मला मागच्या दारी गाठलं. हातात खरकटी ताटं होती. आधी वाटलं, नाचल्याबद्दल बोलतील. मी तयारच होतो.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "प्रज्ञी काई सांगत न्हाई. तुम्हाला तरी बोलली असल. माझ्यासाठी काई म्हणले का ते?"

एक वाक्य पुरलं असतं. 'तिला सांग, काळजी करू नको' — एवढं जरी म्हणालो असतो तरी बाईनं त्यावर जन्म काढला असता. मी थापाड्या, चार-चार महिने गिऱ्हाईक खेळवणारा. तोंड उघडलं, आणि काही आलंच नाही.

"न्हाई, वहिनी," म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ताटं घासायला बसल्या.

परवा लातूरला गेलो होतो. चहा देताना त्यांनी पुन्हा विचारलं.