गॅलरीतून उतरलेलं नाटक

स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. मी स्टेजखाली उकिडवी बसले होते, दुसऱ्या हातात टॉर्च. समोरचा लाकडी बीम बाहेरून ठणठणीत दिसत होता, रंगही शाबूत. आत मात्र वाळवीने नुसता भुसा करून ठेवला होता. शेजारच्या बीमवर हातोडी मारून पाहिली. चांगलं लाकूड टणक आवाज देतं. इथं रिकाम्या खोक्यावर मारल्यासारखा आवाज आला.

डोक्यावर नाटकाची तालीम चालू होती. मी तशीच वाकून बाहेर आले आणि ओरडले, "सगळे खाली उतरा. पळू नका, एकेक करून उतरा."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भोपाळला एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी सिव्हिल मेन्टेनन्सला असिस्टंट इंजिनिअर होते. क्वार्टर्सची गळती, तुंबलेली ड्रेनेज, शाळेची भिंत, ही आमची रोजची कामं. पाऊस संपून हवा कोरडी झाली की टाउनशिपमध्ये शरदातले कार्यक्रम सुरू व्हायचे. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत क्लबचा हॉल रिकामा नसायचा. बंगाली मंडळींचं नाटक, मल्याळी मुलींचं नृत्य, गाण्याची मैफल, व्हरांड्यात चित्रांचं प्रदर्शन. लोक शिफ्ट संपवून घरी न जाता थेट हॉलवर यायचे. त्या वर्षी सुरुवात मराठी मंडळाच्या नाटकाने होणार होती, शनिवारी. आणि वाळवी दिसली तो सोमवार होता.

नाटक नलूताई खानझोडेंचं. त्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या विभागात, क्लार्क होत्या. राज्याची राजधानी भोपाळला हलली तेव्हा वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आलेले. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कोटरा सुल्तानाबादहून बस बदलत कामाला यायच्या आणि तालमी संपवून तशाच परत जायच्या. नाटक त्यांनीच लिहिलेलं, बसवत त्याच होत्या, आईचं कामही त्यांचंच. गोष्ट साधी. दोन मजली घर, वर आई राहते, खाली दोन मुलगे. कित्येक वर्षं बोलणं नाही. शेवटी आई जिना उतरून खाली येते. त्यासाठी स्टेजवर लोखंडी अँगलचा खरा माळा उभा केला होता. तो बघूनच मला शंका आली होती आणि मी स्टेजखाली शिरले होते.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं. सेटचं वजन म्हणजे डेड लोड, ते एका जागी गप्प बसतं. माणसांचं वजन म्हणजे लाइव्ह लोड. माणसं चालतात, जिना धाडधाड उतरतात, तेव्हा तेच वजन जास्त मारतं. ही लाकडं यातलं काहीच झेलू शकत नाहीत.

थोरल्या मुलाचं काम करणारा गजानन ढोले आमच्या फॅब्रिकेशन शॉपमधला वेल्डर. माळा त्यानेच उभारला होता. तो भडकला. "मॅडम, आख्खा पावसाळा राबून राह्यलो आम्ही इथं. इतकी वर्षं टिकलं, अजून एक दिवस नाही टिकणार काय?"

"टिकेलही," मी म्हणाले. "पण 'टिकेलही' असं लिहून मला सही करता येत नाही."

आमचे साहेब सक्सेना. रिपोर्ट ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, दीमक को भी फेस्टिवल का ही टाइम मिला?"

"सर, तिला आधीच मिळाला असणार. आपल्याला आत्ता दिसली."

"नीचे टेकू लगा दें?"

"टेकू कशाला लावणार, सर? बीमच भुसा आहे. टेकू जागेवर राहील आणि स्टेज खाली बसेल."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "स्टेज बंद. जीएम साहब से मैं बात करता हूँ." वरून दबाव येणार हे माहीत असूनही त्यांनी लगेच सही केली. असे साहेब सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत.

हॉलमध्ये नलूताई आणि त्यांची मंडळी खुर्च्यांवर वाट बघत बसली होती. मी निर्णय सांगितला. गजानन उठून दाराकडे गेला. नलूताई हलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मॅडम, स्टेज बंद म्हणजे नेमकं काय काय बंद?"

"स्टेज बंद. बस, तेवढंच."

"ही खालची फरशी?"

"ही काँक्रीटवर आहे. हत्ती नाचवा."

त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. हॉलच्या मागच्या बाजूला प्रेक्षकांची गॅलरी होती आणि तिचा जिना हॉलच्या आतच उतरत होता. "आणि ती?"

"ती लोकांना बसायलाच बांधलीय. तुमची चार माणसं म्हणजे तिला काहीच नाही. कठडा मात्र मला तपासावा लागेल."

"तपासा," त्या म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. "गजानन, परत ये. खुर्च्या फिरव."

"कुठं फिरवू?"

"गॅलरीकडे. आई वर, तुम्ही दोघं इथं मधोमध, लोक चारी बाजूंनी."

"म्हणजे लोकांकडे पाठ करून बोलायचं?"

"घरात कोण लोकांकडे तोंड करून बोलतं रे?"

नाटक बदलायला हाताशी मोजक्याच संध्याकाळी होत्या. चारी बाजूंनी लोक बसले की नटाला लपायला जागा नसते. नलूताई दर वेळी वेगळ्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसायच्या आणि तिथून काय ऐकू येत नाही ते सांगायच्या. आम्ही कठड्याला दोर बांधून माणसांकरवी ओढून पाहिलं. सगळा कठडा पक्का निघाला, एका खांबाचं बूड तेवढं हलत होतं. ते वेल्डिंग गजाननने स्वतः केलं. तोवर त्याचा राग गेला होता. गॅलरीच्या खाली बसणाऱ्याला वरचं दिसणार नाही, म्हणून तिथल्या खुर्च्या काढल्या. जागा कमी झाली, तेव्हा नलूताईंनी एकाऐवजी दोन प्रयोग ठरवले. एक दुपारी, एक संध्याकाळी.

शनिवारी दुपारी जीएम साहेब आले आणि पहिल्या रांगेतला सोफा शोधू लागले. पहिली रांगच नव्हती. शेवटी ते फाउंड्रीतल्या एका कामगाराच्या कुटुंबाशेजारी बसले, मांडीवर त्या कामगाराचं पोर घेऊन.

मी जिन्याजवळ उभी होते. माझं लक्ष नाटकाकडे कमी आणि कठड्याकडे जास्त होतं. पण शेवटचा प्रवेश आला आणि मी कठडा विसरले. नलूताई गॅलरीतून उतरू लागल्या, सावकाश, एका हाताने आधार घेत. स्टेजवरच्या माळ्यावरून ती आई सेटच्या जिन्याने उतरली असती. इथं ती लोकांमधून उतरत होती. जिन्याच्या तोंडाशी बसलेली एक म्हातारी बाई उठून उभी राहिली, वाट द्यायला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग तिच्या शेजारचे उठले. बघता बघता ती सगळी बाजू उभी राहिली, घरात कोणी वडीलधारं आलं की आपण उठतो तशी. मधोमध उभ्या गजाननला तिथं एक लांब वाक्य होतं. ते त्याला बोलताच आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "आई, पायरी बघ."

शेवटी दिवे मालवले आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात.

सक्सेना साहेब चष्मा पुसत माझ्याकडे आले. "मॅडम, ये आपने पास किया था?"

"गॅलरी आणि कठडा पास केला, सर. बाकीचं सगळं त्यांचं."

पुढच्या आठवड्यात मैफलीला आलेल्या गायिकेने हॉल पाहिला आणि आपली बैठकही मधोमधच मांडून घेतली.

वर्षभरात आम्ही काँक्रीटचं नवं स्टेज बांधलं. मी हौसेने नलूताईंना दाखवायला नेलं. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिलं. "झकास झालंय," त्या म्हणाल्या. "पण आम्ही खालीच करू."

आमच्या पेशात 'नाही' म्हणण्याचा पगार मिळतो, आणि ते म्हणायलाच हवं. फक्त ते 'नाही' कुठून कुठपर्यंत आहे हे मोजून सांगावं. उरलेल्या जागेत काय उभं करायचं, ते ठरवणारी माणसं असतात.