अण्णांचे भरलेले गाल

माझ्या वडिलांना चार महिने मी फुगवलं. चूक सर्वस्वी माझी. शिवाय मी अडाणी नव्हतो. अंबडच्या एका कचेरीत कारकून होतो, कागद नीट वाचण्याचाच पगार घ्यायचो.

गोष्ट एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची. अण्णांना दमा. त्यापायी ते वाळून काटकी झाले होते, आणि टेंभुर्णीची आत्या दर महिन्याला दोन एस.टी. बदलून येऊन त्याचा जाब माझ्या बायकोला विचारायची.

"काय गं सुशीले, माझ्या भावाला जेवू घालतीस का नुसतं ताट दाखवतीस?"

सुशीला चुलीकडे वळायची. मी पेपरात डोकं घालायचो. (आत्यापुढे आमच्या घराण्यात कोणी बोललेलं नाही. आत्याचे यजमान तर लग्नानंतर जवळपास मुकेच झाले.)

एकदा अण्णांना धाप फार लागली. डॉक्टरांनी कागदावर दोन गोष्टी लिहून दिल्या. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि तोंडानं ओढायचा पंप.

"गोळ्या सात दिवस, मंग बंद. पंप मात्र रोज, सोडायचा न्हाई. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो, आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं!

कारण पंप एकदा लागला की जन्मभर सुटत नाही, हे आमच्या कचेरीत सगळ्यांना पक्कं माहीत होतं. (दमा एकालाही नव्हता.) पंप गेला कपाटात, साड्यांच्या मागे. इकडे गोळ्यांनी चमत्कार केला. तिसऱ्या दिवशी अण्णांची धाप गेली आणि भूक आली. एका भाकरीवरचा माणूस चार भाकरींवर गेला! भर दुपारी हाक यायची, "सुशीले, पिठलं उरलंय का गं?"

सहाव्या दिवशी आत्या आली. तिनं अण्णांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला.

"आता कसा माणसात आलाय! हाताला चव हाय बाई तुझ्या, सुशीले."

बारा वर्षांत पहिल्यांदा! सुशीला आत गेली आणि पदरानं डोळे पुसू लागली. ते मी पाहिलं. दोन दिवसांनी डॉक्टरांचा तोच कागद घेऊन मी औषधाच्या दुकानात उभा होतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग पुन्हा. दुकानदारानं काही विचारलं नाही, मी घरात काही सांगितलं नाही.

दुसऱ्या महिन्यात अण्णांची मान दिसेनाशी झाली. तिसऱ्या महिन्यात गाल इतके वर आले की डोळ्यांना बाहेर बघायला नुसती फट उरली. आत्या आता टेंभुर्णीच्या बायका घेऊन भावाची तब्येत दाखवायला यायची. फक्त हातपाय तेवढे बारीकच राहिले होते, आणि जरा धक्का लागला की हातावर निळे डाग पडायचे. (पाहुणे आले की मी अण्णांना गळ्यापर्यंत चादर पांघरून बसवायचो. मे महिना होता.)

शेवटी आत्यानं ठरवलं, भावाला सगळ्या गावाला दाखवायचं. आम्ही स्टँडवर गेलो. अण्णांनी एस.टी.च्या पायरीवर पाय ठेवला, आणि पुढे काही होईना. वरून आत्या ओढतेय, खालून मी ढकलतोय!

"आजोबा, आत या न्हाईतर खाली ऱ्हा," कंडक्टर ओरडला, "मधी ऱ्हाऊ नका!"

अण्णा पायरीवरच बसले. हळूच म्हणाले, "अशोक, मांड्यात जीवच न्हाई रे."

तिथूनच रिक्षा करून मी अण्णांना दवाखान्यात नेलं. आत्याला बाहेर बाकावर बसवून मी डॉक्टरांसमोर सगळं कबूल केलं.

"आजपासून बंद करतो साहेब. एकदम बंद!"

"खबरदार!" डॉक्टर खुर्चीतून उठले. "समजा, तुमच्या कचेरीत कायमचा माणूस रजेवर गेला, त्याच्या जागी रोजंदारीवाला घेतला. रोजंदारीवाल्याला एका दिवसात हाकललं तर काम कोण करंल? शरीर हे औषध सोताच बनवतं. बाहेरून आयतं मिळाल्यावर बनवायचं थांबतं. आता मी सांगंन तसं हळूहळू उतरवायचं. साखर पण वाढलीय त्यांची."

"म्हणजे हे औषध वाईटच?"

"औषध वाईट न्हाई, तुम्ही वाईट! पंपात पण स्टेरॉइडच हाय. पण अगदी थोडं, आन् जातं सरळ छातीत. गोळी साऱ्या अंगभर फिरती. पंप ओढून चूळ भरायची, बस्स."

पंप साड्यांमागून बाहेर आला. गोळ्या आठवड्या-आठवड्याला कमी होत गेल्या. अण्णा चालू लागले, धापही लागेना. पण गालही उतरले, आणि आत्या आली.

"परत वाळवला! हात आखडला का गं तुझा?"

सुशीलेची मान खाली गेली. आणि मी, आत्यापुढे, उभा राहिलो!

"आत्या, ते गाल गोळ्यांचे होते. सात दिवसांच्या गोळ्या मी चार महिने दिल्या. तुझ्या शाबासकीपायी. हिला काही माहीत नव्हतं. अण्णा, मला माफ करा."

"माझं सोड," अण्णा म्हणाले. "तिला म्हण."

सुशीला माझ्याकडे बघत होती. "म्हणजे मी रोज ढीगभर भाकऱ्या थापत होते, आणि चव गोळीची होती?"

"चुकलो, सुशीले. माफ कर," मी म्हणालो. "पण स्वयंपाकाला नाव ठेवू नकोस. मी तर एकही गोळी खाल्ली नव्हती."

आणि पुरावा म्हणून, त्या चार महिन्यांत दोनदा उसवून सैल केलेली माझी पँट सगळ्यांसमोर आणून ठेवली.