आंबागडाच्या पायथ्यापर्यंत

किल्ला दाखवतो म्हटलं की साताऱ्याचं माणूस कुठंही यायला तयार होतं. माझी भाची सुषमा लग्न होऊन तुमसरला गेली आणि तिथंच आरोग्य उपकेंद्रात नर्स झाली. "मावशी, आमच्याकडेही किल्ला आहे, आंबागड," एवढं ती फोनवर म्हणाली, आणि मी, शाळेतून निवृत्त झालेली रिकामी बाई, ट्रेकिंगचे बूट पिशवीत कोंबून रेल्वेत बसले.

दुसऱ्याच सकाळी आम्ही सुषमाच्या स्कूटीवरून निघालो. धानाची कापणी उरकली होती. बांध्यांमध्ये (भातखाचरांमध्ये) पुंजणे उभे होते, म्हणजे कापलेल्या धानाच्या रचलेल्या गंज्या. तलावावर थंडीचं धुकं होतं. मग झाडांच्या वरून डोंगर डोकावला आणि त्याच्या माथ्यावर बुरूज. मी स्कूटीवरच दोन्ही हात जोडले आणि आम्ही दोघी पडता पडता वाचलो.

"आधी गरोदर बायकांची तपासणी, मग किल्ला," सुषमा म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम आहे."

पायथ्याच्या गावातल्या अंगणवाडीत चार जणी यायच्या होत्या. आल्या तिघीच. चौथी वर्षा, सातवा महिना लागलेला, पण तपासणी एकदाही नाही. सुषमाने पिशवी उचलली आणि सरळ तिच्या घरी गेली. तिच्या मागे मी, बूट घालून तयार.

वर्षाची सासू कौसल्याबाई चुलीपुढे लाखोरीच्या डाळीचे वडे तळत होत्या. आम्हाला पाहताच त्यांनी दोन ताटल्या काढल्या. वर्षा भिंतीला टेकून बसली होती. तिचे पाय इतके सुजले होते की जोडवी बोटांत रुतली होती. दोन दिवस डोकं दुखतंय, असं ती हळूच म्हणाली.

"पहिलटकरीन हाये, सिस्टर," कौसल्याबाई म्हणाल्या. "पहिलं बाळंतपण माहेरचं. पुढच्या महिन्यात जाईल, तिकडचे पायतीन सगळं. आपण कायले मधात हात घालाचा?"

सुषमा माझ्या कानाशी पुटपुटली, "माहेरचे म्हणतात, अजून सासरी आहे, तेच बघतील." दोन्ही घरं रीत सांभाळत होती आणि पोरगी मधल्यामध्ये राहिली होती. मला रागच आला.

सुषमाने वाद घातला नाही. तिने रक्तदाबाचं यंत्र काढलं. "मावशी, आधी तुझं. म्हणजे कळेल सगळ्यांना, काही दुखत नाही ते."

मी ऐटीत हात पुढे केला. आकडा एकशे पन्नास. "मावशी, गोळ्या घेतेस ना?" सुषमाने विचारलं. मी खरं सांगून टाकलं: बरं वाटत होतं म्हणून दोन महिन्यांपूर्वीच बंद केल्या होत्या.

कौसल्याबाईंनी झारा ताटलीवर आपटला. "एवढी शिकलेली बाई, अन् गोया सोडते? दुखत नाही म्हणून का झालं? तुमाले काही झालं तं घरच्यायनं का कराचं? आजच्या आज दवाखान्यात जा!"

आयुष्यभर मी पोरांना रागावले. मला असं कुणी रागावलं नव्हतं. मी मान खाली घातली.

त्याच तावात त्या म्हणाल्या, "अन् हिचंही पाहून घ्या!"

सुषमाने वर्षाच्या दंडाला पट्टा बांधला. एकदा मोजलं. थोडं थांबून पुन्हा मोजलं. "मावशीपेक्षा जास्त आहे. पोटुशीला हे चालतच नाही. हिच्या जिवाला धोका आहे, बाळाच्याही. आत्ताच न्यायला हवं."

कढईतलं तेल धुरावलं. "पण तिच्या माहेरचे..." कौसल्याबाई चाचरल्या.

"मला आजच्या आज जा म्हणालात," मी म्हटलं. "तेव्हा माझं माहेर कुठं आहे, ते नाही विचारलंत."

त्या वर्षाच्या पायांकडे पाहत राहिल्या. मग कढई उतरवली, पदर खोचला. "चाल वं पोरी. माहेरच्यायले मी फोन करतो. अन् ह्या बाईलेही घ्या गाडीत, हिच्याकडेही कोनी पायत नाही दिसत."

सुषमाने बोलावलेली सरकारी गाडी आली. मागच्या काचेतून आंबागड लहान लहान होत गेला. तुमसरच्या दवाखान्यात वर्षाला लगेच दाखल करून घेतलं. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. "मंग! मीच आनली," कौसल्याबाई तोऱ्यात म्हणाल्या. त्यांनी डब्यात आणलेले वडे आम्ही बाकड्यावर बसून सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) चटणीशी खाल्ले. संध्याकाळी वर्षाचा दाब उतरू लागला तेव्हा मी तिथंच रडले.

माझे उरलेले दोन दिवस तिला डबा पोचवण्यात गेले. किल्ला न चढलेले बूट घेऊन मी साताऱ्याला परतले.

अडीच महिन्यांनी कौसल्याबाईंचा फोन आला. "बाई, पोरगी झाली! दवाखान्यातच झाली. दोघीही बऱ्या हायेत. अन् तुम्ही गोया खाऊन राहिल्या ना?" मी फोन कानाला धरूनच उठले आणि त्या दिवशीची गोळी घेतली.

सुषमा सांगते, आता तपासणीच्या दिवशी कौसल्याबाई अंगणवाडीत सर्वांच्या आधी हजर असतात. आपला दाब मोजून घेतात आणि मग बाकीच्या सासवांना रागावायला बसतात. चौघी यायच्या असतील तर चौघी येतात.

शेजारी विचारतात, किल्ला कसा होता? मी सुषमाने पाठवलेला फोनमधला फोटो दाखवते. अंगणात वर्षा हसत उभी आहे, कौसल्याबाईंच्या हातात दुपट्यातली नात आहे आणि त्यांच्या खांद्यामागे आंबागड अगदी स्वच्छ दिसतो. अजून एकालाही तो दिसलेला नाही. सगळे बाळच बघतात.