लसणाची जाळी

मुलांनो, लसूण टांगायची ही जुनी जाळी मी टाकत का नाही, असं परवा फोनवर विचारलंत, म्हणून लिहिते.

साठच्या दशकात मी ठाण्याला तुरुंगात बायकांना लिहायला शिकवी. तिथे खाडीकाठच्या सारसोळे गावची एक कोळीण तुरुंगातच जन्मलेल्या लेकीला लुगड्याच्या सुतानं जाळं विणायला शिकवी.

"इथं कसले मासे धरणार गं?" पहारेकरीण हसे.

सहा वर्षांची झाल्यावर पोरीला बाहेर जावं लागणार होतं. तिला कधीच न पाहिलेली आजी तिला नेईल का, ठाऊक नव्हतं.

"बाई, पोरीनं खाडी नाय बगली," आई म्हणाली. "पन म्हातारी आमच्या घरची गाठ वलखंल."

म्हातारी आली. पोरीच्या चेहऱ्याकडे न बघता तिनं पोरीनं विणलेली जाळी ताणून पाहिली.

"आमचीच हाय," म्हणत तिनं पोरीचा हात धरला.

निघताना पोरीनं जाळी मला दिली. तिची एकही गाठ अजून सुटलेली नाही.